मिरलानचा कान

"औंदा माझा पाचदा झाला. आता तुमचा धरा," शेणी मोडता मोडता सून आयपेरी फणकारली. बुरुलचा म्हातारीनं कढईत पिठाच्या बोरसोकांचा घाणा सोडला आणि म्हणाली, "माझा मागल्याच शुक्रवारी झाला की गं. किती म्हातारी करशील?"

नारीन नदीकडच्या त्या मुसलमान गावात येशूला मानणारी माणसं जेमतेम सात. शुक्रवारी ती बुरुलचाच्या घरी जमायची. दारात बुटांची रांग दिसली की शेजारी विचारणारच, म्हणून वाढदिवसाची थाप. पण थापेलाही पोट असतं; दर शुक्रवारी ती तळण मागायची.

हसण्यासारखंच होतं, पण बुरुलचाला हसू येत नव्हतं. पलीकडच्या गावात अशाच एकाचं मढं लोकांनी कबरीतून उकरून बाहेर टाकलं होतं. आणि तिचा लेक मिरलान हिवाळा लागायच्या आधीपासून टेकडीवरच्या कबरस्तानात निजला होता. तोही येशूचाच, पण गावाला पत्ता नव्हता. झाकली मूठ. जमीन गोठलेली असेतो तिला धीर असायचा. गोठल्या मातीत फावडं शिरत नाही. आता मात्र पागोळ्या गळायला लागल्या होत्या.

प्रार्थना अर्ध्यावर आली आणि दार उघडलं. दारात सातकुल. बुरुलचाचा धाकटा दीर, गावचा पंच, हातात ताट आणि ताटात मेंढीचं शिजवलेलं मुंडकं. आयपेरी पटकन बायबलवर बसली. देवानं तेवढं पोटात घातलं असावं.

"वाढदिस हाय म्हनं," सातकुल मांडी घालत म्हणाला. "कुनाचा?"

सगळ्यांनी एकमेकांकडं बोट केलं. बुरुलचाच्या तोंडून दिवसभर आवरून धरलेलं खरं तेवढं बाहेर पडलं.

"मिरलानचा. आज खराच."

सातकुलनं सुरी काढली. म्हातारीनं डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यानं मुंडक्याचा कान कापून रिकाम्या जागेपुढं ठेवला होता. कान हा घरातल्या पोरांचा वाटा.

"वैनी, त्याला शेवटची अंगुळ म्या घातली. गळ्यात दोऱ्याला क्रूस व्हता."



"काढला का?" बुरुलचानं विचारलं.

"गाठ सुटंना." तो सुरी पुसत राहिला. "ही व्हती की जवळ. पन तसाच कापडात गुंडाळला. तवापास्नं झोप न्हाई. तुमी भ्याताय ते ऱ्हाऊ द्या, माझं काय? उकरलाच, तर अंगुळ कुनी घातली हेच पैलं इचारतील."

मग चहा झाला. सातकुलनं दुवा मागत तळवे वर धरून तोंडावरनं फिरवले, सगळ्यांनी फिरवले. उंबऱ्यात बूट चढवताना तो म्हणाला, "फुडल्या शुक्रवारी माझा धरा. पंचाच्या वाढदिसाला कोन इचारायला येत न्हाई. आनि गानं जरा हळू म्हना. आमच्या हिला चाल पाठ झालीया."

तो गेला. आयपेरी पुस्तकावरून उठली आणि चुलतसासऱ्यांचं वय किती सांगायचं म्हणून विचारात पडली.

बाहेर पागोळ्या गळतच होत्या. भीती कुठं गेली नव्हती, तिला वाटेकरी तेवढा वाढला होता. बुरुलचानं कडी लावली आणि पुढच्या शुक्रवारला पीठ पुरतंय का ते बघायला पोत्यात हात घातला.