पुलापलीकडचं खेचर

मी खेचर बोलतोय. नाक मुरडू नका. घोडा बोलला असता तर तुम्ही खुर्ची पुढे ओढून ऐकलं असतं, गाढव बोललं असतं तर निदान हसला असता. खेचर म्हटलं की तुम्हाला आधी आईबापांची चौकशी करायची असते. आई घोडी, बाप गाढव. झाली चौकशी? आता ऐका.

नदी समुद्राला मिळते तिथे एका देशाची हद्द संपते आणि दुसऱ्याची सुरू होते. अलीकडे एक गाव, पलीकडे एक गाव, मधे जुना लोखंडी पूल. दोन्हीकडे मासळीबाजार, दोन्हीकडे चौकात घड्याळाचा मनोरा, आणि दोन्ही घड्याळं बंद. तरी अलीकडचे म्हणतात, पलीकडचे लोक आळशी. पलीकडचे म्हणतात, अलीकडचे लबाड. मी दोन्ही काठांचं पाणी प्यायलोय. सारखंच मचूळ आहे.

माझा मालक पाहुण्यांना हा मुलूख हिंडवून दाखवायचा. त्याला सगळे तोंडपाठ म्हणत, कारण त्याला सगळा इतिहास तोंडपाठ होता आणि त्यातलं एक अक्षरही तो कधी बदलत नसे. बदलायची ती फक्त बाजू. वाटेत एक पडका बुरुज लागतो. पाहुणे अलीकडचे असले की तोंडपाठ हात उंचावून सांगे, "इथे आपल्या मूठभर शिपायांनी त्यांची अख्खी फौज अडवली!" पाहुणे पलीकडचे असले की तोच हात, तेच मूठभर शिपाई, फक्त फौज उलट्या बाजूने यायची. ऐकणाऱ्यांचे डोळे दोन्ही वेळा भरून येत. मी शेपटीने माश्या वारत उभा असे.

पाहुण्यांबद्दल काय सांगू! पाठीवर त्यांच्या बॅगा मी वाहायचो आणि दमायचे ते. पुलाच्या मधोमध आल्यावर हमखास कुणीतरी विचारायचं, "हद्द नेमकी कुठे आहे?" तोंडपाठ एक गंजलेला खिळा दाखवायचा. मग एक पाय इकडे, एक पाय तिकडे टाकून फोटो. तेवढ्यात डोक्यावरून लांब पायांच्या पक्ष्यांचा थवा ह्या काठावरून त्या काठावर जायचा, चिखलात चोची खुपसायचा आणि परत यायचा. वर कुणी बघायचं नाही. सगळे खिळ्याचे फोटो काढण्यात गर्क. एका गृहस्थाने पलीकडच्या वाळूत शिंपला उचलला आणि बायकोला म्हणाला, "बघ, परदेशी!" बायकोने तो रुमालात बांधून घेतला. असली माणसं मी वर्षानुवर्षं वाहिली.

पूल ओलांडला की मिठागरं लागतात. उथळ चौकोनी वाफे, त्यात आभाळ पडलेलं, कडेला पांढरे ढीग. त्यापुढे गवताळ दलदल, मग बुरुज, मग दीपगृह, आणि उतारावरून खाली पलीकडचं गाव. ही वाट मला डोळे मिटून येते. तोंडपाठच्या मुलीलाही यायची. आई लहानपणीच गेल्यामुळे ती बापाबरोबर फिरतीवरच वाढली. माझा दोर धरून चालायची, संध्याकाळी माझी पाठ खरारायची आणि दिवसभराच्या पाहुण्यांच्या नकला करून मला दाखवायची. त्या घरात अक्कल तेवढी तिच्याच वाट्याला आली होती. म्हणजे तेव्हा मला तसं वाटायचं.

मोठी झाल्यावर तिने मिठागरावरच्या एका कामगाराशी लग्न ठरवलं. पलीकडचा होता. उंच, अबोल. तो फावड्याने मीठ ओढत असला की पाहुणे त्याचे फोटो काढत.

"तिकडचा?" तोंडपाठ ओरडला. "जगात दुसरं कुणी मिळालं नाही?"

"तिकडचा म्हणजे काय, बाबा? दोन्ही काठांची माणसं एकाच नदीची लेकरं, असं तुम्हीच रोज सांगता ना?"

"ते पाहुण्यांसाठी असतं!"

हे वाक्य मी गोठ्यातून ऐकलं. माणूसजातीबद्दल माझं मत तेव्हा पक्कं झालं, आणि ते बदलावं असं नंतर फारसं काही घडलं नाही.

ती ट्रंक घेऊन पुलावरून गेली. ट्रंक जड होती, पण तोंडपाठने मला सोडलं नाही. ती डोक्यावर घेऊन गेली. तिचं घर मिठागराच्या कडेलाच होतं, आमच्या वाटेवर. त्या घरापाशी आलं की तोंडपाठ पाहुण्यांना समुद्राकडे तोंड करायला लावी आणि म्हणे, "तिकडे बघा, पक्षी!" पाहुणे डोळे ताणून बघत. तिकडे पक्षी कधीच नसत. ती दारात उभी असे. मी तिच्याकडे बघून कान हलवायचो. कुणीतरी हलवायला हवे होते.

मग एके दुपारी दोन्ही राजधान्यांत काहीतरी बिनसलं. काय, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्ही पलीकडच्या बाजारात होतो. भोंगा वाजला, पूल बंद होणार, आपापल्या बाजूला चला. पाहुणे असे पळाले की निम्म्या टोप्या रस्त्यात. शिपायाने माणसांना सोडलं आणि माझ्यापुढे काठी आडवी धरली.

"जनावराला गुरांच्या डॉक्टरचा शिक्का लागतो."

"मग डॉक्टर कुठाय?"

"तो सगळ्यात आधी पळाला."

तोंडपाठने मला पुलाच्या कठड्याला बांधलं. "आलोच," म्हणाला. खाली बघत म्हणाला. मग बॅगा स्वतःच्या खांद्यावर घेऊन पाहुण्यांमागे चालू लागला. दिवेलागणीला दोर सोडणारा हात आला तो मुलीचा. "चल," ती म्हणाली. "त्यांना जमलं नाही ना तुला न्यायला? चल." पुढचा जन्म मी तिच्या परसात काढला म्हणा.

ओहोटी लागली की नदी अगदी अरुंद होते. दोन्हीकडे चिखल उघडा पडतो आणि मधे पाण्याची एक पट्टी राहते. मोठ्याने ओरडलं तर ऐकू जातं. काही दिवसांनी ती मला काठावर चरायला घेऊन गेली, तर समोरच्या काठावर तोंडपाठ उभा. बराच वेळ घसा खाकरत होता. मला वाटलं, आता पोरीला हाक मारेल.

"ए! त्याला ओला चारा घालू नकोस! पोट फुगतं!"

"माहितीये मला!" ती ओरडली आणि पाठ फिरवून चालू लागली. पण दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी मला घेऊन तिथेच आली. मला तर भूकही नव्हती.

"मागचा उजवा नाल ढिला आहे त्याचा!"

"ठोकून घेतला!"

असं सुरू झालं. रोज एक चौकशी. माझे दात, माझी पाठ, माझी झोप. इतकी वर्षं मी त्याच्या गोठ्यात होतो, तेव्हा ह्यातलं एकही त्याने विचारलं नव्हतं. दोन्हीकडचे शिपाई बंदुका टेकवून ऐकत बसत, त्यांना दुसरा उद्योग नव्हता.

"नीट खातंय का?"

"खातंय!"

"आणि... बाकीचे?"

"बाकीचेही खातात, बाबा!"

पुढे तिला दिवस गेले. ते एवढ्या लांबूनही दिसायला लागलं. त्या दिवशी तोंडपाठ चिखलात पार गुडघ्यापर्यंत उतरला.

"पाण्याच्या घागरी त्याच्या पाठीवर घाल! कळलं? त्याला काही होत नाही! तू उचलू नकोस!"

मला काही होत नाही! घ्या. पण घागरी मी वाहिल्या. कुरकुर न करता वाहिल्या, हेही लिहून ठेवा.

मुलगी झाली. आई हिंडूफिरू लागल्यावर तिने मला काठावर नेलं, दुपट्यातलं ते गाठोडं माझ्या पाठीवर धरलं आणि ओरडली, "बाबा! ह्याच्या पाठीवर काय आहे बघा!"

ज्याला सगळा इतिहास तोंडपाठ, त्याला सुचलं ते एवढंच: "टोपी घाल! वारा आहे!"

"कुणाला? खेचराला?"

"मूर्ख कुठली!" तो ओरडला आणि रडायला लागला. इकडे ही रडायला लागली. अलीकडच्या शिपायाने शिट्टी वाजवायला तोंडात घातली होती, ती तशीच राहिली. मी मुतलो. मला दुसरं काय सुचणार?

पूल उघडला तेव्हा सगळ्यात आधी तोंडपाठ आला. एकटा, पाहुण्यांशिवाय. लेक दारात उभी, मागे जावई. हा सरळ माझ्याकडे. पाय उचलून खूर बघितला.

"नाल कुणी ठोकला?"

"ह्यांनी," ती म्हणाली.

"बरा ठोकलाय."

बस्स. झाली दिलजमाई. जावई असा फुलला की जणू पदक मिळालं. मिठी नाही, माफी नाही, माझ्या खुरावर सगळं भागलं. मग नात मांडीवर घेऊन तो संध्याकाळपर्यंत बसला. निघताना मला वाटलं, आता दोर सोडेल. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "राहू दे इथेच. म्हातारं झालंय, पूल झेपायचा नाही त्याला."

धडधडीत खोटं! दोन ट्रंका घेऊन दीपगृह चढलो असतो मी. पण त्याला येण्यासाठी कारण हवं होतं. लेकीकडे येतो म्हणायला जीभ रेटत नव्हती. त्यापायी ह्या माणसाने पुढे पाहुण्यांच्या बॅगा स्वतः हातगाडीवर ओढल्या. आणि हट्टी म्हणून नाव कुणाचं, तर माझं.

आता मी खरोखर म्हातारा झालोय. दात गेले, गुडघे सुजतात, ती मला कोंडा भिजवून भरवते. तो दर आठवड्याला येतो, काठी टेकत. दारात म्हणतो, "खेचराला बघायला आलोय." माझ्याकडे एक नजर टाकतो, बंद घड्याळाकडे टाकावी तशी, आणि आत जातो. आतून हसण्याचे आवाज येतात. नात त्याचे कान ओढते. माझे ओढायची ती आधी.

एखाद्या सकाळी मी उठणार नाही. मरणाचं मला काही नाही. पण मग तो पुलाच्या त्या टोकाला कारणाविना उभा राहील, ही इकडे दारात उभी राहील, आणि दोघं पुन्हा समुद्रात नसलेले पक्षी बघत बसतील. ह्यांना सरळ बोलता येत नाही हो. येईल असंही वाटत नाही.

तेव्हा, तुमच्यापैकी कुणी हा मुलूख बघायला आलंच, तर खिळ्याचे फोटो काढून झाल्यावर एवढं करा. मिठागराच्या कडेच्या घरात एक शेळी बांधून जा. लंगडी असली तर उत्तम. तिची विचारपूस जास्त करावी लागते.