कमरेचं हाड

डॉक्टरांनी एक्सरे उजेडाच्या काचेवर लावला आणि निकिताच्या मांडीच्या हाडातल्या काळ्या पोकळीभोवती बोट फिरवलं.

"दोनदा मोडलं ते यामुळंच. ही खरवडून आत हाड भरावं लागेल. हिच्या कमरेतून निघेल तेवढं पुरणार नाही. घरातल्या मोठ्या माणसाचं लागेल."

"माझं घ्या," तिचा बाप योगेश म्हणाला. अंबडच्या कारखान्यातून तो तसाच, तेलकट कपड्यांवर आला होता.

पण त्याच्या रक्तात काविळीचा जंतू निघाला. रिपोर्ट ऐकून त्याची बायको आशा पुढं सरकली.

"माझं चालंल का?"

"आईचं तर उत्तमच."

"मी सख्खी नाय," आशा म्हणाली. "हिची आई वारली. मला येऊन दोन वर्षं झाली."

"हाडाला नातं लागत नाही. रक्त तेवढं तपासू."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वणीहून आशाची आई आली. लेकीला बाजूला घेऊन म्हणाली, "तुला अजून तुझं लेकरू व्हायचंय. कंबर कशाला कापून घेती?"

"तू चहा घे, आई," आशा म्हणाली आणि सही करायला गेली.

ऑपरेशननंतर दोघींच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. निकिता छताकडं बघत पडून राही. आशानं पाणी विचारलं तर मानेनंच हो म्हणे. मग प्लास्टर, कुबड्या, बुडालेली शाळा. अठ्ठ्याण्णवची दिवाळी झाल्यावर डॉक्टरांनी नवा एक्सरे काचेवर लावला. काळी जागा भरली होती.

"यातलं माझं कुठलं?" आशानं विचारलं.

"तुमचं आता फारसं उरलं नाही. तिच्या शरीरानं ते हळूहळू जिरवलं आणि त्या जागी स्वतःचं उभं केलं. तिचंच झालं म्हणा."

आशानं काचेवरच्या भरलेल्या जागेवरून बोट फिरवलं. मग पदर सावरून म्हणाली, "मंग बरंय. पळू दिली तर चालंल?"

"खुशाल पळू द्या."

योगेशनं एक्सरे पाकिटात घातला. निकिता मात्र खुर्चीवरून उठली नाही.

"डॉक्टर, हिची कंबर पण बघा," ती म्हणाली. "बरी आहे म्हणते, पण कूस बदलताना कण्हते."

"काय नाय हो," आशा म्हणाली.

निकितानं तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि तपासायच्या खाटेकडं मानेनं खूण केली.

"झोप ना."