तेरा पायऱ्या आणि एक छत्री

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. घासायचं मशीन सुरू झालं की एकच सूर धरून बसतं, आणि काच पातळ होत आली की तो किंचित चढतो. दुकानातल्या बाकीच्यांना ती कटकट वाटते. मला त्यातून आजवर माझ्या अकॉर्डियनसाठी अकरा चाली सुचल्यात. फुशारकी म्हणा हवं तर, पण चाली मी चांगल्या करते आणि ते मला ठाऊक आहे.

बाराव्या चालीने मात्र घाम फोडला. आमच्या जुन्या थिएटरात दर वर्षी एका रविवारी सकाळी भुताचा एक पडेल सिनेमा लावतात. नवा होता तेव्हा तो आठवडाभरही चालला नाही. आता तिकिटासाठी मारामारी. त्याच्या शेवटच्या रिळाचा आवाज केव्हाच गेलाय, त्यामुळे तिथे आवाज प्रेक्षकच काढतात. रबरी मुखवट्यातलं भूत तेरा पायऱ्या चढतं, लोक पाय आपटून त्या मोजतात. वर दाराशी एक बाई पाठमोरी उभी असते. तेराव्या पायरीला पहिल्या रांगेतून आरोळी येते, "अगं ए, मागे बघ!" की हशा, शिट्ट्या, खेळ खलास.

आरोळी मारणारा माझा सख्खा थोरला भाऊ. मी नऊ वर्षांची असताना त्यानेच मला हा सिनेमा दाखवला. सगळे हसत होते आणि मी रडत होते. भुताच्या हातात त्या बाईची विसरलेली छत्री असते. ते बिचारं ती परत द्यायला निघालेलं असतं. दादाला सांगितलं तर म्हणाला, "गप गं, रबराचं आहे ते."

यंदा मी थिएटरच्या मालकिणीच्या खनपटीला बसले आणि त्या रिळाला अकॉर्डियन वाजवायची परवानगी मिळवली.

"तू काय हवं ते वाजव," दादा म्हणाला. "मी ओरडणार. वीस वर्षांचा हक्क आहे माझा."

"ओरडून दाखव. ओरडलास ना, तर अकॉर्डियन विकून टाकीन."

बोलून बसले. मग दोन महिने घरी सिनेमाच्या कॉपीसमोर घड्याळ लावून चाल बांधली. एका पायरीला अकॉर्डियनच्या भात्याचा एक श्वास.

रविवारी पडद्याच्या कडेला बसले. लोकांनी पाय आपटायला सुरुवात केली, मीही वाजवायला लागले, आणि चौथ्या पायरीला घोटाळा लक्षात आला. माझी चाल पाचवीवर पोचली होती, भूत अजून चौथीवरच. लोकांना पाय आपटायला उसंत मिळावी म्हणून ऑपरेटरकाका वर्षानुवर्षं हे रीळ मुद्दाम सावकाश चालवत होते! रिळाला आवाज असता तर सूर उतरलेला मला आधीच्या वर्षांतच कळला असता. पण हे रीळ मुकं.

लिहिलेला कागद मी पायाखाली टाकला. नजर भुताच्या पावलांवर ठेवली. पाऊल उचललं की भाता उघडायचा, टेकलं की मिटायचा, आणि मधे थांबायचं. फक्त थांबायचं. सातव्या पायरीपर्यंत निम्मे पाय गप्प झाले. दहाव्या पायरीला माझ्या भात्याची नुसती हवा ऐकू येत होती.

तेरावी पायरी. भूत थांबलं, मीही थांबले. दादाच्या आरोळीची जागा हीच.

कोणीच ओरडलं नाही. भुताने छत्री हळूच दाराला टेकवून ठेवली, तेव्हा मी शेवटचा सूर लावला.

दिवे लागले. टाळ्या सुरू झाल्या आणि मग थांबेचनात. मी ताठ मानेने उभी राहून त्या घेतल्या. माझ्याच होत्या. दादा पहिल्या रांगेत तसाच बसून होता. मी जवळ गेले तेव्हा त्याने नाक ओढलं.

"छत्री द्यायला आला होता गं तो."

"हो रे दादा."

तो ताडकन उठला, मागच्या प्रेक्षकांकडे वळला आणि आयुष्यात कधी मारली नव्हती एवढ्या मोठ्याने आरोळी मारली, "बहीण आहे माझी ही! धाकटी!"