उतारावर लावलेली गाडी

गाडी न्यायला माणूस चार वाजता येणार होता. लेकीनेच ठरवलं होतं. आई गेली, तुम्ही चालवत नाही, उभ्या उभ्या गंजून जाईल, असं तिचं म्हणणं. मी हो म्हटलं. पण गाडी जायच्या आत मला एक बघायचं होतं. माझ्या बायकोचं खरं होतं की माझं.

माझी हयात पंख्यांच्या, पंपांच्या, शिलाई मशीनच्या मोटरी दुरुस्त करण्यात गेली. घराला लागूनच दुकान आहे. गाडी तिची होती, जुनी, तिने हौसेने घेतलेली. दोन वर्षांपूर्वी ती सांगायला लागली की सकाळी किल्ली फिरवली की गाडी कण्हते. आजारी माणसाला झोपेतून उठवल्यासारखं वाटतं, म्हणाली.

मी बॅटरी तपासली, ती भरलेली होती. मग स्टार्टर, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, काढून दुकानातल्या टेबलावर आणला, आतले झिजलेले कार्बन बदलले, दोन जाड वायरींनी बॅटरीला थेट जोडला. भिंगरीसारखा फिरला. मी तिला हाक मारून दाखवलं आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "मोटर ठणठणीत आहे. दोष तुझ्या हातात आहे. किल्ली लवकर सोडतेस."

गिऱ्हाइकं हसली. तीही हसली.

स्टार्टर परत गाडीत बसवला, तर गाडी पुन्हा कण्हली. ती म्हणाली, मी किल्ली फिरवते, तुम्ही पुढे उभे राहून बघा, याला दोघं लागतील. मी म्हटलं, रविवारी बघू. असे बरेच रविवार गेले. मग तिने विषय सोडला. मला वाटलं, बाईसाहेब किल्ली धरायला शिकल्या.

त्याच सुमाराला तिने गाडी दारात लावणं बंद केलं. गल्लीच्या टोकाला उतार आहे, तिथे लावायची आणि पिशव्या घेऊन चढ चढत घरी यायची. फाटकातून गाडी आत घ्यायला घाबरतेस, म्हणून मी चिडवायचो. ती म्हणायची, तेवढंच चालणं होतं.

ती गेल्यापासून सात महिने गाडी त्या उतारावरच होती. काल बॅटरी दिवसभर चार्जरला लावली आणि आज दुपारी लेकीला किल्लीवर बसवून मी गाडीच्या उघड्या दारातून तिचा हात बघत उभा राहिलो. गाडी कण्हली.

"धरून ठेव."

"धरलीय बाबा."

खरंच धरली होती. मी पुढे जाऊन बॉनेट उघडलं. बॅटरीपासून इंजिनाला जाणाऱ्या काळ्या वायरीला हात लावला, तर इंजिनाकडचं टोक चटका बसेल इतकं तापलेलं. मीटरची एक तार बॅटरीच्या काळ्या टोकाला लावली, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, आणि लेकीला पुन्हा किल्ली फिरवायला सांगितली. वायर चांगली असेल तर काटा जेमतेम हलतो. तो तीन व्होल्टवर गेला. बॅटरीच्या बारा व्होल्टांतले तीन त्या एका टोकाशीच मरत होते, मोटरीला जोर कुठून येणार.

त्या टोकाचा नट काढला. खाली हिरवा गंज चढला होता. टेबलावर मी मोटर थेट जोडली होती, ही वायर मध्ये नव्हतीच. जिथे दोष होता ती जागा सोडून मी सगळं तपासलं होतं.

पॉलिश पेपरने टोक घासलं, इंजिनावरची जागा घासली, नट आवळला. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली.

"दहा मिनिटांचं काम होतं," लेक म्हणाली.

मी विचारलं, आई मग इतके दिवस गाडी चालू कशी करायची? लेक काचेवरची धूळ पुसत राहिली. मग म्हणाली, उतारावरून सोडायची, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की धक्क्याने चालू व्हायची. मलाही शिकवलं होतं.

"मला का नाही सांगितलं?"

"नको म्हणाली. चार माणसांत मोटर ठणठणीत आहे म्हणून त्यांनी सांगितलंय, त्यांना कशाला तोंडघशी पाडू, म्हणाली."

मला एकेक आठवायला लागलं. शेवटच्या वर्षात ती धाकट्या बहिणीकडे गेलीच नव्हती. सख्ख्या बहिणीशीही पटेना का, असं मी विचारलं होतं. आता मी लेकीला विचारलं, आई मावशीकडे का जात नव्हती?

"मावशीच्या गल्लीत उतार कुठाय, बाबा?"

चारला माणूस आला. मी त्याची माफी मागितली आणि त्याला परत पाठवलं. लेक गाडीत शेजारी येऊन बसली. मला गाडी चालवायची सवय नाही, हळूहळू नेली.

मेहुणीच्या घरापुढचा रस्ता अगदी सपाट आहे. गाडी दाराशी लावली आणि बंद केली. पुन्हा चालू केली. पुन्हा बंद केली. आवाज ऐकून मेहुणी बाहेर आली.

"काय झालं भाऊजी? चालू होत नाही का?"

"होते," मी म्हणालो. "तुझ्या ताईचं खरं होतं. तेवढं सांगायला आलो."

तिने गाडीच्या टपावर हात ठेवला. मग म्हणाली, आत या, गाडी असू दे तिथेच.