वाढव म्हणजे नक्की काय?

मित्रांनो, मी एक जुना थर्मोस्टॅट आहे. एवढं मोठं नाव कोणी घेत नाही, सगळे मला एसीचं गोल बटण म्हणतात. ठाण्यात कोलशेत रस्त्यावर चार मजली कचेरी आहे, तिथल्या भिंतीवर मी राहतो. गच्चीवरच्या मोठ्या यंत्राला 'आता गार कर' आणि 'आता पुरे' हे मी सांगायचो. मी फार हुशार आहे असा माझा समज नाही. उलट माझा सगळा जन्म गोंधळात गेला.

सुरुवात कारखान्यातच झाली. तिथे माझ्या तोंडावर आकडे छापले, तेही उलटे. आकडा कमी केला की गारवा वाढतो आणि आकडा वाढवला की गारवा कमी होतो. मोठ्या आकड्याच्याही पलीकडे, अगदी टोकाला फिरवलं की यंत्र बंद. असं का, हे विचारायचं राहूनच गेलं. १९८४ साली मला इथे बसवलं तेव्हा लोक कौतुकाने बघायला यायचे. एक म्हणे, "जरा वाढवा हो, उकडतंय." दुसरा म्हणे, "वाढवा जरा, थंडी वाजतेय." दोघांचं म्हणणं वाढवाच. मी बापडा कोणाचं ऐकणार?

नशीब माझं की भिवाजी होता. तो कोलशेतच्या कोळीवाड्यातला. खाडीत मासळी मिळेनाशी झाली तेव्हा होडी सोडून यंत्र चालवायला आला. माणसाच्या कपाळावर घाम आहे की अंगावर शाल, एवढं बघून तो मला फिरवत असे. त्याचा हात लागला की मला हायसं वाटे.

कचेरीचे व्यवस्थापक त्र्यंबकराव मात्र माझ्या गोंधळात भर घालत. त्यांच्या वडिलांचं टेंभी नाक्यावर दुकान होतं. दुकान 'बंद केलं' असं म्हणणं त्यांच्या घरी अशुभ, म्हणून दुकान 'वाढवायचं'. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. फुटलेली बांगडीसुद्धा 'वाढली' म्हणायचं. ही सवय त्यांनी कचेरीतही आणली. पहिल्याच संध्याकाळी ते म्हणाले, "भिवाजी, मशीन वाढव."

"वारवू का बंद करू, सायेब?" भिवाजीने विचारलं.

"अरे, तेच ते," त्र्यंबकराव म्हणाले.

भिवाजीने ते लक्षात ठेवलं. मला मात्र रोज संध्याकाळी वाढव म्हणून बंद करत, आणि रोज मी बुचकळ्यात पडत असे.

पुढे १९९६ साल उजाडलं आणि कचेरीत वीज बचतीचं वारं शिरलं. बचतीची रीतसर पद्धत बसवायची, मग बाहेरचे तपासनीस येऊन बघणार आणि प्रमाणपत्र देणार. प्रत्येक बटणाखाली सूचना चिकटवल्या. माझ्याखालीही एक लावली. तिच्यावर काय लिहिलं होतं ते मला आजवर कळलेलं नाही, मला खाली वाकता येत नाही.

मालकांनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं. प्रमाणपत्र मिळालं तर गच्चीवरचं यंत्र राहील आणि भिवाजीही राहील. नाही मिळालं तर यंत्र भंगारात आणि खिडक्यांना छोटे एसी. ते चालवायला भिवाजीची गरज नव्हती. हे ऐकल्यापासून मला धास्तीच बसली.

तपासनीस आले ते नेमके नारळी पौर्णिमेला. कचेरी सुटल्यावर यंत्र खरोखर बंद असतं का, हे त्यांना बघायचं होतं. भिवाजी त्या दिवशी दरवर्षी सुट्टी घेई. तो थांबतो म्हणाला, तर त्र्यंबकराव म्हणाले, "सणाच्या दिवशी घरी जा. मी आहे ना."

पण तपासनिसांना आणायला त्यांना स्टेशनवर जावं लागलं. तिथून त्यांनी कचेरीत फोन केला. फोन घेतला सरोजने. ती डोंबिवलीची, नुकतीच टेलिफोनवर कामाला लागलेली. "निघतोय आम्ही," त्र्यंबकराव म्हणाले. "सगळे गेले असतील तर एसी वाढवून ठेव."

"हो सर, वाढवते," सरोज म्हणाली.

पोरगी गुणी. पाहुणे बाहेरून घामाघूम होऊन येणार, त्यांना बरं वाटेल, असा तिने विचार केला. कोणता आकडा गार ते तिने नीट बघून घेतलं आणि मला थंडीच्या टोकाला नेऊन ठेवलं. मी आपला खूश झालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्र्यंबकरावांनी वाढव म्हटल्यावर खरोखर वाढवलं होतं.

तपासनीस आले. रिकाम्या खुर्च्या गारठल्या होत्या आणि वर यंत्र धडधडत होतं. "इथे बसतं कोण?" त्यांच्यातले वयस्कर गृहस्थ म्हणाले. त्र्यंबकरावांनी सरोजकडे पाहिलं. "सर, तुम्हीच वाढव म्हणालात," ती म्हणाली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

प्रमाणपत्र गेलं. सरोज फार रडली. चूक सरोजची नाही, आपली स्वतःची आहे असं त्र्यंबकरावांनी मालकांना सांगितलं, पुन्हा तपासणी घ्या म्हणून हात जोडले. मालक बधले नाहीत.

शेवटच्या संध्याकाळी भिवाजी माझ्यासमोर उभा राहिला. त्र्यंबकराव मागे होते, त्यांना त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"सायेब, तुमी काय मुद्दाम नाय केला," भिवाजी म्हणाला. "पन त्या दिशी बंद बोलला असता तं बरा झाला असता."

त्र्यंबकराव पुढे आले. मग म्हणाले, "भिवाजी, बंद कर."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. भिवाजीने मला टोकाला फिरवलं. वरची धडधड थांबली, ती कायमची. मला इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं.

माझ्या तारा तोडल्या, पण मला काढायला कोणाला सवड झाली नाही. लोक अजून येता-जाता मला फिरवतात आणि "हां, आता बरं वाटतंय," म्हणतात. त्यांना बरं कशाने वाटतं, देव जाणे.

मित्रांनो, वीज जपा, यंत्रं जपा, हे तुम्हाला शाळेत सांगतीलच. मी एवढंच मागतो की कोणाला काम सांगाल तेव्हा सरळ शब्दांत सांगा, आणि नीट कळलं नसेल तर 'म्हणजे काय?' असं विचारायला लाजू नका. त्या दिवशी फोनवर कोणी एवढं विचारलं असतं, तर भिवाजी आजही इथे असता.