अंबूबाईंच्या वावरावरचं आरक्षण

शहराच्या अग्निशमन दलाचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा माझ्या गळ्यात पडला तेव्हा वाटलं होतं, नकाशावर नव्या ठाण्यांचे लाल ठिपके द्यायचे की झालं काम. बाकीचे ठिपके सुखानं बसले. शेवटचा मखमलाबादला, अंबूबाईंच्या गुलाबाच्या निम्म्या वावरावर पडला आणि माझी झोप उडाली. त्या भागात दुसरी मोकळी जागाच उरलेली नाही. त्यांची हरकत मान्य झाली, तर ते ठाणं कागदावरूनही जाणार होतं.

हरकतीच्या सुनावणीच्या दिवशी सकाळीच अंबूबाई दलाच्या मुख्यालयात येऊन थडकल्या. साठीच्या, काटक, आणि आवाज असा की अंगणात गाडीवरची नवी उंच शिडी तपासणारे जवान काम सोडून बघायला लागले.

"माझंच वावर दिसलं का तुम्हाला? बंब हितनं येत नाय का? चाकं नायत त्याला?"

मीही काही कमी तापट नाही. "चला मावशी, शिडीवर. तुमच्याच डोळ्यांनी बघा."

तावातावानं बोलून गेले आणि शिडीच्या टोकाच्या पिंजऱ्यात शिरल्यावर आठवलं की आपल्याला उंचीची भीती वाटते. अंबूबाई मात्र पदर खोचून तयार. जवानांनी आम्हाला पट्टे बांधले. मी वायरलेसवर बंबाचा ड्रायव्हर मुस्तकीम याला सांगितलं, "मखमलाबाद, अंबूबाईंचं वावर. सराव आहे, पण आग लागल्यासारखंच जा."

शिडी उलगडत वर निघाली. झाडं खाली गेली, मग गच्च्या, मग गच्च्यांवरच्या टाक्या. मी डोळे मिटून दांडा धरून उभी.

"उघड गं पोरी डोळे," अंबूबाई म्हणाल्या. मघाचा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

मी डोळे उघडले आणि भीती विसरूनच गेले. गोदावरी वळण घेत चाललेली, पलीकडे चामरलेणीचा डोंगर, आणि मधे, आजूबाजूला, नजर जाईल तिथवर घरं. वर्षभर मी या शहराचे नकाशे काढत होते, पण शहर आज पहिल्यांदा पाहत होते. या प्रत्येक घरात आत्ता गॅस पेटलेला असेल. कुणी देवापुढे दिवा लावला असेल. एवढी सगळी माणसं आमच्या भरवशावर निर्धास्त आहेत.

"माझं वावर कुठं हाय?"

मी बोट दाखवलं. चारी बाजूंनी इमारती उभ्या आणि मधे हातरुमालाएवढा हिरवा तुकडा. अंबूबाई दांड्यावरून वाकून बघायला लागल्या.

"एवढी माणसं कधी आली गं राहायला? मला वाटायचं, फुलबाजारात गिऱ्हाईक वाढलं."

खाली बंब निघाला होता. अशोकस्तंभाकडे रिक्षा, मोटारी, हातगाड्या बाजूला सरकत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, तरी गर्दीत वाट होत होती. पण पुढे रामवाडीच्या पुलावर बंब अडकला. लोकांना सरकायचं होतं, सरकायला जागाच नव्हती. लाल ठिपका जागचा हलेना.

"सरका ना रे!" अंबूबाई वरूनच ओरडल्या, जणू पुलावर ऐकू जाणार होतं. मग माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "खरंच आग असती, तर?"

बंब सुटला, इमारतींच्या आड गेला, आणि आम्ही दोघी त्या हिरव्या तुकड्याकडे डोळे लावून उभ्या राहिलो. किती वेळ ते विचारू नका, मला तो अजून संपलेला वाटत नाही.

शेवटी वायरलेस खरखरला. "मॅडम, पोचलो. फाटक बंद आहे. आणि टाकी संपली तर पुढचं पाणी कुठून घ्यायचं?"

मी बोलणार, तोवर अंबूबाईंनी वायरलेस माझ्या हातातून घेतला.

"फाटकाला नुसती कडी हाय. उजव्या हाताला हीर हाय, तिथनं घे. लय पाणी हाय तिला."

"जी मावशी. विहिरीपाशी गाडी लावू का?"

अंबूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. वाऱ्यानं आमचा पिंजरा थोडा हलला.

"लाव," त्या म्हणाल्या. "अन् आता तिथंच राहा बाबा."