आठीचा कारभार

अंजनाबाई नवऱ्याला कधी रागावून बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. त्यांचा सगळा कारभार दोन भुवयांमधल्या एका उभ्या आठीवर चालायचा. दौलतराव रेल मिलमध्ये तीस वर्षं तापल्या लोखंडासमोर न डगमगता उभे राहिले, पण दुसरा पेढा घेताना आधी बायकोच्या कपाळाकडे बघायचे. आठी दिसली की पेढा परत डब्यात.

गेल्या श्रावणात अंजनाबाई गेल्या. आठी मात्र हुडको वसाहतीतल्या घरातच राहिली, लेकीच्या कपाळावर. ममताने आईचं दुसरं काही उचललं नव्हतं, ना रंग, ना पुरणपोळीचा हात. उचलली ती एवढी आठी. तिला बघून येणाऱ्या-जाणाऱ्या बायका दारातच डोळ्याला पदर लावायच्या.

त्यात दौलतरावांची साखर वाढली. पायाच्या अंगठ्याची जखम दोन महिने भरेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. ममताने घरात गोड बंद केलं. तरी दौलतराव दिवसातून दोनदा साखरेच्या डब्याला हात लावायचेच, तेही ती समोर असताना. ती आठी घालायची, ते निमूट डबा ठेवायचे.

आणि नेमकी अशा वेळी ममताने आठी घालवली.

हथखोजच्या कारखान्यात तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारी गुंजन म्हणाली होती, "दीदी, दो सुई की बात है, दस साल कम." ममताला दहा वर्षं कमी नको होती. तिला दात घासताना आरशात आई नको होती. सुई टोचणाऱ्या डॉक्टरला मात्र तिने सांगितलं, कॉम्प्युटरमुळे पडली आठी.

आठी चार दिवसांत गेली, पण जाताना डोकेदुखी ठेवून गेली. कपाळावर कुणीतरी ओलं फडकं आवळून गाठ मारल्यासारखं वाटायचं. ते उतरतं न उतरतं तोच डाव्या डोळ्याची पापणी खाली आली आणि अर्ध्यावर थांबली, दुपारी दुकानदार शटर अर्धं ओढून घेतो तशी. डॉक्टर फोनवर म्हणाले, एखाद्याला होतं असं, काही आठवड्यांत आपोआप जाईल. भाजीवाल्याने मात्र तिला बघून कोथिंबिरीची जुडी फुकट दिली आणि मिशीत हसला.

रविवारी उतईला बेबीताईकडे, म्हणजे दौलतरावांच्या बहिणीकडे, नातवाचं बारसं होतं. सोमवारी अंगठा दाखवायला जायचं होतं. म्हणून पंगतीत ममता मुद्दाम बापाच्या समोर बसली.

लाडू आले. दौलतरावांनी एक उचलला आणि लेकीच्या कपाळाकडे बघितलं. कपाळ फरशीसारखं गुळगुळीत, खाली अर्धा मिटलेला डोळा. त्यांनी लाडू खाल्ला, दुसरा घेतला, पुन्हा बघितलं. ममताने होता नव्हता तेवढा जोर लावला. आठी काही पडेना. नाक तेवढं फेंदारलं आणि कान हलले.

"शिंक येऊन राहिली का वो तुले?" बेबीताईने विचारलं.

"शिंक नाही, आत्याबाई."

"मंग दादाले डोळा कावून मारून राहिली?"

पंगत हसली. दौलतरावांनी दुसरा संपवून तिसरा लाडू घेतला.

ममता उठली. त्या घरात जे कधी तोंडाने बोललं गेलं नव्हतं, ते चाळीस माणसांसमोर बोलायची पाळी तिच्यावर आली.

"बाबा, लाडू ठेवा. उद्या अंगठा दाखवाचा आहे."

"तुले राग आला का?"

"हो."

"दिसून तं नाही राहिला."

"इंजेक्शन घेतलं मी. आठी घालवली."

भाजी वाढणाऱ्या पोराला कुणीतरी हाताने थांबवलं.

"कावून?" दौलतरावांनी विचारलं.

ममताला इथेही कॉम्प्युटर सांगता आला असता. "आरशात आई दिसे," ती म्हणाली.

दौलतराव हातातल्या लाडवाकडे बघत राहिले. "मलेबी दिसे," ते म्हणाले. "म्हणून तं डब्याले हात लावत होतो मी. डबा वाजवला का तुही माय समोर येई. आज तिसरा लाडू झाला, तरी आली नाही."

ममताने डोळे पुसले. एक आधीच अर्धा मिटलेला असल्याने काम निम्मंच होतं.

पुढचं विचारायचं भान फक्त बेबीताईला राहिलं. "किती दिवस राह्यते वो ते औषध?"

"तीन-चार महिने."

दौलतरावांनी थोडा विचार केला आणि लाडू ताटाबाहेर ठेवला. "मंग तवरिक गोड खाऊन काय फायदा," ते म्हणाले, आणि भाजीसाठी ताट पुढे सरकवलं.